थांबणारा गोंद

बुधाजींनी गळ सोडला तो धर्मासाठी, हे अमरावतीतल्या त्यांच्या अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं. ठाऊक असायला काय, त्यांनीच सांगितलं होतं. गेल्या वर्षावासात विहारात कुणीतरी सहज विचारलं, "काका, यंदा धरणाकडं गेले नाई तुमी?" आणि बुधाजी बोलून गेले, "सोडलं बाप्पा. पहिलं शील हाय आपलं. मुक्या जिवाच्या तोंडात काटा कायले घालाचा?" भंतेजींच्या कानावर ते गेलं. त्यांनी देसनेत, म्हणजे प्रवचनात, सगळ्यांसमोर सांगितलं, पाहा, माणूस या वयातही बदलतो. बायांनी साधू साधू म्हटलं. बुधाजी मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, केवढा नम्र माणूस.

नम्र कसला! म्हाताऱ्याचे हात कापायला लागले होते. उजवा जास्त, डावा थोडा कमी. चहाचा कप बशीवर वाजायला लागला, तर त्यांनी बशी घेणंच बंद केलं. शर्टाची वरची गुंडी लागेना, तर म्हणाले गरमी होते. आणि जे काम त्यांच्या माहितीतल्या जगात त्यांच्याइतकं कोणालाच येत नव्हतं, ते जमेना झालं तेव्हा म्हणाले, शील पाळतो. लाजेपायी माणूस काय काय सांगेल याचा नेम नाही.

त्यात पंचाईत अशी, की दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना पहिल्या शीलापाशी लोक त्यांच्याकडे कौतुकानं बघायचे, आणि चौथ्यापाशी, खोटं बोलणार नाही असं म्हणायचं असतं तिथं, बुधाजींना नेमका खोकला यायचा.

आता हे गळाचं प्रकरण नीट सांगायला हवं, कारण बुधाजी काही गांडूळ लावून काठावर बसणाऱ्यांतले नव्हते. नोकरीत असताना ते धरणावरच्या रेस्टहाउसचे चौकीदार होते. कुठलासा साहेब एकदा तिथं एक डबी विसरून गेला. डबीत गळ होते, पण प्रत्येक गळाला पिसं आणि दोरा बांधून हुबेहूब माशी केलेली. हवेतून फेकली की पाण्यावर किडा पडल्यासारखी पडायची आणि मासा उडी घालायचा. साहेब परत आला नाही. बुधाजींनी ब्लेडनं एक माशी उसवली, दोऱ्याचा एकेक वेढा सोडत, आणि तशीच परत बांधली. मग दुसरी. कोंबडीच्या दुकानातून कोंबड्याच्या मानेची पिसं, बायकोच्या, चतुराबाईच्या, जुन्या काळ्या स्वेटरची लोकर आणि शिंप्याकडचा रेशमी दोरा, एवढ्यावर त्यांची काळी माशी तयार व्हायची. चतुराबाई हयात असेपर्यंत त्या स्वेटरच्या बाहीवरून बोलून घ्यायची, पण बाही तोकडी होतच गेली.

रामरावांचं शेत धरणाच्या पाण्याला लागून. बुधाजी फेकत असले की ते धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहून बघायचे. एक दिवस म्हणाले, "मले देजो बे एक डाव." झालं, तिथून पुढं दोघं जोडीनं. गंमत अशी, की रामरावांच्या गळ्यात माळ, ते मासा खात नव्हते. बुधाजी बाजारातून आणलेला मासा चवीनं खायचे, पण आपल्या गळाचा नाही. गळाचा उलटा काटा ते पकडीनं आधीच दाबून सपाट करायचे. मासा यायचा, दोघं त्याला डोळे भरून बघायचे आणि पाण्यात सोडून द्यायचे. गावातले लोक म्हणायचे, या दोघायचं डोकं फिरलं. दोघं भेटले की रामराव म्हणायचे 'जय भीम' आणि बुधाजी म्हणायचे 'राम राम'. आपलं आपल्याजवळ, दुसऱ्याचं दुसऱ्याला. कोणी ठरवलं नव्हतं, तसं पडून गेलं होतं.

बायको सुभद्राबाई गेल्यावर रामराव पोराकडे, गजेंद्रकडे, अकोल्याला राहायला गेले. तरी अधूनमधून गळाची काठी घेऊन बसनं अमरावतीला यायचे, बुधाजींना सोबत घ्यायचे आणि दोघं धरणावर जायचे. विहारातल्या त्या कौतुकानंतर ते असेच एकदा दारात उभे राहिले. बुधाजींनी हात लुंगीत लपवले आणि त्यांनाही तेच सांगितलं. शील, मुका जीव, काटा. सगळं पाठच झालं होतं. रामरावांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "बरं हाय. नमस्कार." आणि उलट्या पावली गेले.

नमस्कार! इतक्या वर्षांत रामराव बुधाजींना नमस्कार म्हणाले नव्हते. त्यानंतर वर्ष उलटलं, फोन नाही, निरोप नाही.

यंदा दसऱ्याच्या सुमारास फोन आला तो रामरावांच्या सुनेचा, आरतीचा.

"काका, तुमचं अन् मामाजीचं काही वाजलं काय?"

"नाई वं. काहून?"

"त्यायनं ते मासे धराची काठी भंगारात काढली. म्या म्हटलं राहू द्या, तर म्हनतेत, बुधानं धर्मासाठी सोडलं, मी एकटाच पापी उरलो. म्हनतेत, त्याले माह्यासंगं बसाची लाज वाटत असन. बोलतच नाईत कोनाशी, काका. जेवतेत अन् पडून राहतेत. शनिवारी येते भंगारवाला."

बुधाजींना कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ते खाटेवर बसले आणि बराच वेळ आपल्याच हातांकडे बघत राहिले. आपली लाज झाकायला घातलेलं पांघरूण त्या भोळ्या माणसाच्या तोंडावर पडलं, त्याचा श्वास कोंडला, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. फोन करून सांगता आलं असतं. पण काय सांगणार? मग मनानं घेतलं, की नुसतं बोलून भागणार नाही. एक काळी माशी बांधून न्यायची आणि रामरावांच्या हातात ठेवायची. माशी घेऊन आलेला माणूस काही त्यांना पापी समजत नसणार, एवढं तर रामरावांना कळेल.

माशी बांधायची म्हणजे सगळं येऊन अडतं माशीच्या डोक्यापाशी. पीस, लोकर, पोट हे सगळं कसंही निभावतं. शेवटी गळाच्या नेढ्याजवळ दोऱ्याचे बारीक वेढे घेऊन गाठ मारायची आणि तिच्यावर गोंदाचा एक थेंब द्यायचा. तो गोंद कच्चा निघाला तर दुसऱ्या फेकीला पीस एकीकडे आणि गळ दुसरीकडे. रामरावांनी एकदा सुभद्राबाईच्या लाडवांसाठी आणलेला धावड्याचा डिंक लावून माशी बांधली होती. पाण्यात पडली आणि डिंक विरघळून नुसता गळ हातात आला. बुधाजी ते आठवून वर्षानुवर्षं हसायचे.

बुधाजींचा गोंद म्हणजे चपडा लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली, फर्निचरला पॉलिश करणारे वापरतात तीच. ती दोऱ्यात मुरते, पाण्याला दाद देत नाही. पण तिचा स्वभाव सावकाश. ती धरेपर्यंत दोरा ताणून, हात स्थिर ठेवून बसावं लागतं. आता हात स्थिर कुठून आणायचा? बुधाजींनी मागच्या गॅलरीत खिडकीशी गळ घट्ट धरणारा शिकंजा लावला आणि लपूनछपून बसले. दोरा सुटला. परत बांधला, परत सुटला. मग सुनेच्या पार्लरमधली नेलपॉलिशची एक बाटली गुपचूप आणली, तर ती या उन्हानं अशी घट्ट झालेली की नुसत्या तारा सुटायला लागल्या. शेवटी किराणा दुकानातून झटकन चिकटणाऱ्या गोंदाची नळी आणली. म्हणाले, हा तर क्षणात धरतो, हाताला कापायला वेळच मिळणार नाही.

हाताला वेळ कशाला लागतो? थेंब पडायच्या वेळीच हात हलला. थेंब पिसावर, बोटावर, अंगठ्यावर, सगळीकडे गेला, फक्त गाठीवर गेला नाही. बोट आणि अंगठा एकमेकांना चिकटले आणि मध्ये गळ. ओढावं तर टोक मांसात जायला लागलं. बुधाजींनी थोडा वेळ दम धरला. मग हाक मारावीच लागली.

"माधवी! ओ माधवी!"

माधवी म्हणजे मुलाची, संघपालची, बायको. समोरच्या खोलीत तिचं पार्लर. ती धावत आली, बघितलं आणि काही न बोलता नेलपॉलिश काढायचं पाणी आणि कापूस घेऊन आली. खाली बसली, सासऱ्याचा हात आपल्या हातात घेतला आणि कापसानं भिजवत भिजवत गोंद सोडवायला लागली. हात तिच्या हातात होता आणि तो काही थांबत नव्हता. लपवायला आता लुंगी नव्हती की खोकला नव्हता.

"केव्हापासून, बाबा?"

"थंडी वाजून राहिली."

"ऑक्टोबरमदी?"

बुधाजींनी तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी आलं. "लय वास हाय या पान्याले," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "भंतेजीले सांगू नको."

माधवीला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. तिनं दोन्ही गिळलं. हा माणूस वर्षभर विहारातल्या दिव्यासारखा मिरवला गेला आणि एकटाच आतल्या आत जळत होता, हे तिच्या ध्यानात आलं. आपण रोज लोकांचे हात हातात घेतो आणि घरातला हात आपल्याला दिसला नाही, याचं तिला फार वाईट वाटलं. ती म्हणाली, "अकोल्याहून आले का डॉक्टरकडं जाचं. कबूल?"

"कबूल. पन आधी माशी."

"मंग अडचन काय हाय ते तर सांगा."

बुधाजींना चेव आला. वर्षभराचं साचलेलं बाहेर पडलं. "लाख लय सावकाश, पोरी. तोवर दोरा धरून बसा लागते. अन् हा नळीतला, याले काई दमच नाई. हात हालला का चुकलं ते चुकलंच, पुन्ना सुधराले जागा नाई. मले असा गोंद पाह्यजे का मी वाळ म्हनीन तवाच वाळन. तोवर गपचूप माही वाट पाहीन. असा गोंद असते काय कुठं?"

"असते ना," माधवी म्हणाली. "नवऱ्या येतात ना माह्याकडं, लग्नाच्या दिवशी त्यायचे हात तुमच्यापेक्षा जास्त कापतात. त्यायले मी जेल लावते. तो वाळतच नाई. वाकडा गेला का पुसाचा, पुन्ना लावाचा. मनासारखा झाला का मंग निळा लाइट माराचा, का झाला दगड."

बुधाजींनी तिच्याकडे बघितलं. सुनेच्या पार्लरमध्ये काय चालतं याची त्यांनी आजवर चौकशीसुद्धा केली नव्हती.

जेलची काळी बाटली आणि पेनाएवढा टॉर्च घेऊन ते ऐटीत खिडकीशी जाऊन बसले. ब्रश बुडवला, बाहेर काढला, नेम धरेपर्यंत ब्रशच कडक झाला. परत तेच. बुधाजी चिडले, "हा तं नळीवाल्याचा बाप निंघाला!" माधवी आली आणि तिनं कपाळावर हात मारला. तिनं जन्मात कधी उन्हात बसून जेल लावला नव्हता, म्हणून सांगायचंच राहिलं होतं. टॉर्चमध्ये जे असतं ते उन्हातही असतं. आणि ऊन तर अमरावतीचं, त्याला बटण थोडंच असतं.

मग उपाय एकच उरला. पार्लरची आतली खोली, जाड पडदे आणि पिवळा दिवा. दारावर पाटी, फक्त महिलांसाठी. बुधाजी त्या पाटीसमोर असे उभे राहिले की जणू आत पाऊल टाकलं तर पोलीस येतील. माधवीनं त्यांना दंडाला धरून आत नेलं. खुर्चीवर माणिकबाई भुवया करायला बसल्या होत्या. त्यांनी एक डोळा उघडला आणि म्हणाल्या, "बुधाजी, तुमी बी भुवया करता काय आता?"

"नाई, मिशी वाढवाले आलो," बुधाजी म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

पहिल्या काही माश्या वाया गेल्या. वेढे वाकडे पडले, पीस दबलं, लोकर सुटली. पण आता एक गोष्ट वेगळी होती. हात हलला की बुधाजी थांबायचे, हात मांडीवर ठेवून निवांत बसायचे, आणि जेल तसाच ओला राहायचा. घाई कोणालाच नव्हती. ब्रश पुसायचा, परत लावायचा. असं करता करता एक थेंब बरोबर गाठीवर बसला. "मार लाइट!" बुधाजी ओरडले. माणिकबाई दचकल्या. माधवीनं टॉर्च मारला आणि दोऱ्यानं जागा धरली ती धरलीच.

तरी बुधाजी शेवटी बुधाजीच. त्यांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "हा वरवर बसते, आत मुरत नाई." मग त्या वाळलेल्या डोक्यावर आणि बाजूच्या वेढ्यांवर त्यांनी आपली लाख दिली, एक थर, मग वाळल्यावर दुसरा. आता दोरा धरून बसायची गरज नव्हती, हात हलला तरी बिघडत नव्हतं. धरायला सुनेचा जेल आणि मुरायला आपली लाख, असं ठरलं. माशी बादलीत भिजवून ठेवली, चिमट्यानं ओढून पाहिली. डोकं जरा जाड झालं होतं, पण सुटली नाही.

शुक्रवारी बुधाजी बडनेऱ्याहून आगगाडीत बसले. जेवणाच्या डब्यात शिकंजा, दोरा, पिसं, मोज्यात गुंडाळलेली जेलची बाटली. टॉर्च खिशात. अकोल्याला ऑटो करून ते गजेंद्रच्या घरी पोचले. दाराशीच जुना कूलर, फुटकी बादली आणि त्यांच्यावर आडवी टाकलेली रामरावांची काठी.

रामराव आत पलंगावर बसले होते. वाळले होते. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "नमस्कार. या."

या! बुधाजी समोरच्या खुर्चीत बसले. रस्ताभर जे बोलायचं म्हणून जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. रामराव खिडकीबाहेर बघत होते. आरतीनं चहा आणला. बुधाजींची सवय तिला ठाऊक होती, बशी नको म्हणतात, म्हणून तिनं नुसता कप पुढं केला.

"बशी दे, पोरी," बुधाजी म्हणाले.

त्यांनी कपबशी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. कप वाजायला लागला. चहा हिंदकळून बशीत आला, बशीतून लुंगीवर. बुधाजींनी ती खाली ठेवली नाही. वाजू दिली. सगळ्या खोलीत तेवढाच आवाज होता.

रामरावांनी मान वळवली. आधी कपाकडे बघितलं, मग हाताकडे, मग बुधाजींच्या तोंडाकडे.

"हे काय बे?"

"हेच हाय," बुधाजी म्हणाले. "शील-बील काई नाई. माशी बांधनं होत नव्हतं. सांगाची लाज वाटली."

रामराव उठले. त्यांनी कपबशी बुधाजींच्या हातातून काढून घेतली आणि टेबलावर आपटली. "अन् म्या वर्षभर काय समजलो? मले वाटलं, बुधा मले कसाई समजते. सुभद्रा गेली, वावर सुटलं, एक तू होता. तुले एक फोन करता आला नाई? हात कापते म्हून सांगता आलं नाई मले? मले, बुधा?" त्यांचा आवाज फाटला. आरती दारातच उभी राहिली.

"चुकलं," बुधाजी म्हणाले. "लय चुकलं, रामराव." आणि त्यांनी खिशातून काळी माशी काढून टेबलावर ठेवली, कारण हातात देताना ती पडली असती.

रामरावांनी तोंड पुसलं. माशी उचलून उजेडात धरली. उलटीपालटी केली. दोऱ्यावर नख लावून बघितलं.

"डोकं जाड हाय."

"हव."

"लाख तं तुहीच दिसते. पन खाली काय हाय? डिंक तं नाई ना माह्यासारखा?"

बुधाजींना हसू फुटलं. हसता हसता त्यांनी डबा उघडला, शिकंजा टेबलाला लावला आणि आरतीला पडदे ओढायला सांगितलं. दिवा लावला. गळ अडकवला, लोकर घेतली, पीस घेतलं. सगळं सावकाश आणि सगळं हलत्या हातानं. रामराव शेजारी खुर्ची ओढून बसले. बुधाजींनी टॉर्च त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं, मी म्हणेन तेव्हाच बटण दाब, त्याआधी नाही.

थेंब गाठीवर आला आणि घसरला.

"दाबू काय?"

"नाई. हात हालला."

बुधाजींनी ब्रश पुसला, हात मांडीवर ठेवला. रामरावांचा अंगठा बटणावर तयार होता. परत थेंब, परत घसरला.

"भंतेजीले काय सांगशीन मंग आता?"

"हेच सांगीन. चौथं शील म्हनताना दर खेपेले खोकलू किती?"

"हे ध्यानात घे, पहिलं बी काई मोडत नाई तुहं. आपन सोडतोच ना मासा." रामरावांनी टॉर्च सावरला. "घाई नोको करू. मले कुठं जाचं नाई."

तिसऱ्यांदा थेंब बसला, बरोबर जिथं बसायचा तिथं. बुधाजींनी श्वास रोखला. "दाब," ते म्हणाले.

निळा उजेड पडला. तो विझल्यावर रामरावांनी वाकून बघितलं, बोट लावलं, दोरा ओढून पाहिला. मग आरतीला म्हणाले, "ते काठी आत घे वं, उनात कायले पडू दिली?" आणि बुधाजींकडे वळले, बुधाजी आत्ताच दारातून आत आल्यासारखे.

"जय भीम, बुधा."

बुधाजींना खोकला आला. या खेपेला तो खरा होता. त्यांनी रामरावांचा हात धरला, कापत्या हातानंच.

"राम राम," ते म्हणाले.